सावली बंद

माझा जुना लॅपटॉप भाच्याला दिला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "मामा, यावर 'एलिट डेंजरस' चालेल?" चालेल, पण सेटिंग्ज नीट लावावी लागतील, असं मी ऐटीत सांगितलं आणि नाशिकला बहिणीकडे एक अख्खी संध्याकाळ त्या मेन्यूत घालवली. त्या संध्याकाळी मी काय काय बंद केलं आणि नंतर काय बोललो नाही, त्याबद्दल हे लिहितो आहे.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. डिसेंबर 2014मध्ये आलेल्या या गेममध्ये आपली आकाशगंगा एकास एक प्रमाणात उभी केली आहे. सुमारे 40 हजार कोटी तारे आणि त्यांचे ग्रह. एक यान घ्यायचं आणि निघायचं. व्यापार करा, मारामाऱ्या करा, नाहीतर नुसते बघत फिरा. भाच्याला फिरायचंच होतं. जिथं आधी कुणी गेलेलं नाही अशा ताऱ्यापाशी पोचून तिथल्या नोंदी घेतल्या आणि परत वस्तीत येऊन विकल्या, तर त्या ताऱ्याला पहिला शोधक म्हणून तुमचं नाव लागतं. नंतर तिथं येणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ते दिसतं. यात 'परत येऊन' हे महत्त्वाचं. वाटेत यान फुटलं तर ठरलेली रक्कम भरून यान पुन्हा मिळतं. न विकलेल्या नोंदी मात्र गेल्या त्या गेल्याच.

लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं. पडद्यावरचं चित्र सेकंदाला 60 वेळा बदलायचं तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम 16.7 मिलिसेकंद येतात. तेवढ्यात तारे, कॉकपिट, जमीन, धूळ, सगळं रंगवून व्हायला हवं. नाही झालं की चित्र अडखळायला लागतं. मी एकेक ओळ खाली आणत गेलो. तेजोमेघ: लो. जमिनीचा पोत: लो. प्रखर गोष्टींभोवतीची प्रभा: बंद. मग आल्या सावल्या. सावल्या महाग असतात. एखादा खड्डा उन्हात आहे की नाही हे ठरवायला संगणकाला तेच दृश्य आधी सूर्याच्या जागेवरून बघावं लागतं, तिथून कोण कुणाच्या आड येतं ते नोंदवावं लागतं, आणि मग तुमच्या जागेवरून पुन्हा बघावं लागतं. मी सूर्याचा डोळा मिटून टाकला. 19वर रखडणाऱ्या फ्रेम 34वर गेल्या. भाचा खूश.

मग आवाज. इथं मशीनची काही अडचण नव्हती, माझी तत्त्वं आडवी आली. अवकाश निर्वात आहे, निर्वातात ध्वनी पोचत नाही, हे आठवीच्या विज्ञानात असतं. सिनेमेवाले अवकाशात यानं उडवताना धडामधुडूम आवाज करतात ते मला कायम खटकतं. कुब्रिकनं 1968मध्ये '2001: अ स्पेस ओडिसी' काढला तेव्हा त्यातला अंतराळवीर हेल्मेटशिवाय यानात शिरतो तो प्रसंग पूर्ण शांत ठेवला आहे; हवा आत येते तेव्हाच आवाज येतो. त्यानंतर इतकी वर्षं उलटूनही लोकांनी स्फोटांचे आवाज का काढावेत? तेव्हा मी इफेक्ट्सची पट्टी जवळजवळ शून्यावर नेली. संगीत शून्य. यानातली एक बाई मधूनमधून सूचना देते, तीही गप्प केली. "आता हे खरं अवकाश," असं भाच्याला म्हणालो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासमोर अशी वाक्यं टाकायला बरं वाटतं.

यात मी किती मूर्खपणा केला होता ते मला पुष्कळ नंतर, माझ्या स्वतःच्या यानात कळलं. गेम करणाऱ्यांनी आवाजाचा खुलासा कथेतच देऊन ठेवला आहे. बाहेरचे आवाज बाहेर नसतातच. वैमानिकाला काय चाललंय ते कळावं म्हणून यानाचा संगणक ते कॉकपिटच्या आत तयार करतो. लढाईत तुमची काच फुटली की हवा निघून जाते आणि सगळं ऐकू येणं एकदम दबतं. उरतो फक्त तुमचा श्वास. तो क्षण भयंकर आहे. ज्याच्या आवाजाची पट्टी आधीच शून्यावर आहे त्याला मात्र काच फुटल्याचा काही फरकच पडत नाही. निर्वाताशी प्रामाणिक राहायच्या नादात मी निर्वातच काढून टाकलं होतं.

भर घालणं म्हणजे खोटं आणि वजा करणं म्हणजे निरुपद्रवी, असा माझा तोवर एक न तपासलेला हिशोब होता. बहुतेकांचा असतो. स्फोटाला आवाज दिला तर ती थाप. सावली काढली तर ती काटकसर.

साधारण तीन आठवड्यांनी भाच्याचा फोन आला. तो वस्तीपासून कित्येक हजार प्रकाशवर्षं लांब गेला होता. रोज अभ्यास झाल्यावर तासभर, असं करत करत. त्याला कड्या असलेला एक पाण्याचा ग्रह सापडला होता, निळा, आणि तिथं आधी कुणाचं नाव नव्हतं. त्या रात्री तो शेजारच्या एका खडकाळ ग्रहावर उतरायला गेला आणि आपटला. यान गेलं, तीन आठवडे गेले, निळा ग्रह गेला. तो रडत नव्हता, पण एक-एक शब्द सावकाश बोलत होता. म्हणाला, "जमीन कळतच नव्हती रे मामा. सगळं सपाट दिसत होतं, एकसारखं. आणि एकदम आलीच."

मला त्या क्षणी कळलं. ज्या ग्रहाला हवा नाही तिथं प्रकाश पसरवायला काही नसतं. उंचसखलपणा कळतो तो सावल्यांनी, आणि आपलं यान जमिनीपासून किती वर आहे हे डोळ्याला सांगते ती यानाची स्वतःची सावली. यान खाली येतं तशी ती सरकत सरकत त्याला भेटायला येते. ही काही गेममधली युक्ती नाही. अपोलो मोहिमांमध्ये उतरण्याची वेळ मुद्दाम अशी निवडली होती की सूर्य क्षितिजालगत असावा आणि खड्ड्यांच्या सावल्या लांब पडाव्यात. 20 जुलै 1969ला अपोलो 11 उतरलं तेव्हा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 11 अंश वर होता, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात ऑल्ड्रिनला यानाची सावली दिसली त्याची नोंद संभाषणात आहे. हे सगळं मला ठाऊक होतं. चांद्रमोहिमांवर मी लोकांना पिडत असतो. आणि त्याच मी ती सावली 'सजावट' या सदरात टाकून बंद केली होती.

भाच्यानं विचारलं, "माझंच चुकलं का काही?"

मी म्हणालो, "अरे, त्या ग्रहाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या तिप्पट आहे. तिथं भलेभले आपटतात."

यातला शब्द न् शब्द खरा आहे. गुरुत्वाकर्षण तिप्पट होतं. भलेभले आपटतात. शिवाय उंचीचा आकडा समोर काचेवर दिसत असतो, तो त्यानं बघायला हवा होता; हेही खरं. सावली असती तर तो वाचला असता असं मी छातीवर हात ठेवून आजही सांगू शकणार नाही. पण मी ते वाक्य का निवडलं ते मला माहीत आहे.

मराठीत अशा उत्तराला 'नरो वा कुंजरो वा' म्हणतात. या प्रसंगाचं एक अंग आपण नेहमी विसरतो, ते आवाजाचं. युधिष्ठिर खोटं बोललाच नाही. अश्वत्थामा मेला हे तो मोठ्यानं म्हणाला आणि हत्ती हा शब्द पुटपुटला. लहानपणी ऐकलेल्या कथेत तर नेमका तेव्हाच कृष्ण शंख फुंकतो. म्हणजे वाक्य सगळं तिथं होतं, फक्त एका शब्दाची पट्टी खाली आणि शंखाची वर. आणि महाभारतकारांनी त्यावर कीर्तनकारासारखं लांबलचक भाष्य केलेलं नाही. एवढंच सांगितलंय की युधिष्ठिराचा रथ तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो खाली टेकला.

खोटं बोलण्याच्या बाबतीत सगळ्यात कडक म्हणून ज्याचं नाव घेतात तो कांटही इथं सुटलेला नाही. 1797मध्ये त्यानं एक निबंध लिहिला. मारेकरी तुमच्या दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असला तरी खोटं बोलायचा तुम्हाला हक्क नाही, अशी त्यातली भूमिका. पण त्याआधी, 1794मध्ये, प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम दुसरा यानं धर्मावरच्या लेखनाबद्दल त्याला तंबी दिली, तेव्हा कांटनं लिहून दिलं की महाराजांचा अत्यंत निष्ठावंत प्रजाजन म्हणून आपण यापुढे या विषयावर लिहिणार नाही. राजा 1797मध्ये वारला आणि 1798मध्ये कांटचं त्याच विषयावरचं पुस्तक आलं. ते वचन 'त्या' महाराजांचा प्रजाजन म्हणून होतं, शब्द आपण जाणूनबुजून तसे निवडले होते, असा खुलासाही त्यानं करून टाकला. मला यावर कांटला पकडायचं नाही. सत्तर वर्षांचा माणूस, समोर राजा. पण वगळण्याचं आकर्षण किती आहे ते बघा. खोटं न बोलता खोट्याचं काम होतं, आणि वर झोप लागते.

काही न वगळता कुणालाच काही दाखवता येत नाही, हे मला मान्य आहे. याच मालिकेतला पहिला 'एलिट' 1984मध्ये ब्रेबन आणि बेल या दोन विद्यार्थ्यांनी 32 किलोबाइट मेमरीच्या बीबीसी मायक्रोवर केला. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो त्याहून कितीतरी मोठा असतो. त्यात त्यांनी 8 दीर्घिका आणि प्रत्येकीत 256 ग्रह बसवले. यानं म्हणजे नुसत्या रेघांचे सांगाडे. रंग नाही, पोत नाही, सावलीचा तर प्रश्नच नाही. त्यांनी जवळजवळ सगळंच वगळलं होतं, तरी त्या चित्राला कुणी फसवं म्हणणार नाही. का? मी यावर बरेच दिवस विचार केला. मला वाटतं, रेघांचा सांगाडा आपण काय वगळलंय ते लपवत नाही. त्याच्याकडे बघून कुणालाही कळतं की इथं यान नाही, यानाची खूण आहे. भाच्याच्या पडद्यावरची जमीन तशी नव्हती. तिला दगड होते, रंग होता, क्षितिज होतं. सावली जिथं असायला हवी होती तिथं 'इथून काहीतरी काढलं आहे' असं सांगणारी भोकं पडलेली नव्हती. तिथं उजळ, सलग, विश्वास ठेवण्याजोगी जमीन होती. अभाव दिसतच नव्हता. माझं फोनवरचं वाक्यही तसंच होतं. त्यात कुठं फट नव्हती.

आणि आणखी एक, जे मला जास्त टोचतं. माझ्या मशीनवर मी काय बंद करतो तो माझा प्रश्न. मला निदान माहीत असतं की मी ते बंद केलंय. त्याच्या मशीनवर मी निवडलं आणि त्याला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. कोण त्या पोराला शॅडो आणि टेरेन समजावत बसणार? मोठी माणसं लहानांसाठी असंच करतात, डॉक्टर पेशंटसाठी करतात, आम्ही माझ्या आजीच्या शेवटच्या वर्षी तिच्यासाठी केलं. तिला झेपेल एवढंच. तिला कमी कळू दिलंय, हे तिला कळू दिलं नाही.

मे महिन्यात भाचा पुण्याला आला, लॅपटॉप घेऊन. मी मेन्यू उघडला आणि त्याला सांगितलं: ही ओळ मी बंद केली होती, ही पण, आणि तू फोन केलास तेव्हा मला हे माहीत होतं. तो पडद्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, "सावली असती तर वाचलो असतो?"

"माहीत नाही."

"मग सांगायचंस ना तेव्हाच. मी आठवडाभर उतरायची प्रॅक्टिस करत होतो. मला वाटलं मला येतच नाही."

यावर मला बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यानं माऊस माझ्या हातातून घेतला. सावल्या चालू केल्या. फ्रेम 20च्या खाली आल्या. मग त्यानं रिझोल्यूशन उतरवलं. अक्षरं पुसट झाली, यानाच्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसायला लागल्या. "हे चालेल, हे दिसतंय तरी की खराब आहे," म्हणाला. आवाजाच्या पानावर जाऊन त्यानं इफेक्ट्सची पट्टी सगळी वर नेली आणि त्या बाईला बोलू दिलं. "मामा, ही बोलते?" मी म्हटलं, पहिल्यापासून बोलते.

मग त्यानं एका छोट्या, हलक्या गुरुत्वाच्या चंद्रावर यान खाली घ्यायला सुरुवात केली. चित्र अडखळत होतं. इंजिनं घरघरत होती, बाई काहीतरी बजावत होती. डावीकडे, बरीच लांब, एका टेकाडाच्या उतारावर आमची सावली दिसायला लागली, वेडीवाकडी, ओळखू न येणारी. "ती बघ," तो म्हणाला, आणि तिच्यावरची नजर न काढता हळूहळू खाली येत राहिला.