आपण नक्की कोणाचे?



टेनिस हा काही आपल्या बार्शीटाकळीचा खेळ नव्हे. आपल्या पोरांच्या हातात टेनिसचा चेंडू असतो, पण तो क्रिकेट खेळण्यासाठी! तरीही आज मी टेनिसविषयी लिहिणार आहे. त्याचे एक कारण आपले पोप महोदय. ८ मे २०२५ रोजी पोपपदी निवडून आलेले लिओ चौदावे हे हौशी टेनिसपटू आहेत. निवडीनंतर आठवडाभरातच, १४ मे रोजी, त्यावेळी जगात पहिल्या क्रमांकावर असलेला इटलीचा यानिक सिनर त्यांना भेटायला गेला आणि त्याने त्यांना रॅकेट भेट दिली. दुसरे कारण आपल्या युवक संघाची मागच्या महिन्यातली सभा. विषय होता प्रार्थनेचा. पण बोलणे कसे कोण जाणे फेडरर मोठा की नदाल, इकडे वळले आणि दोन मुले एकमेकांशी न बोलता घरी गेली. फेडरर २०२२ मध्ये निवृत्त झाला, नदाल २०२४ मध्ये. ते दोघे एकमेकांचे मित्र आहेत. फेडररच्या शेवटच्या सामन्यात, लंडनमध्ये, दोघे जोडीने खेळले, हरले, आणि शेजारी शेजारी बसून रडले. भांडण उरले आहे ते आपल्या चाहत्यांकडे.

तेव्हा चाहता म्हणजे कोण, आणि त्याने काय करावे, हा प्रश्न मला गंभीर वाटतो. त्यासाठी आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ.

लिअँडर पेस. आडनावावरून कळते की मूळ गोव्याचे. जन्म १७ जून १९७३, वाढले कोलकात्यात. वडील डॉ. वेस पेस १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघात होते. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. आई जेनिफर या बास्केटबॉल खेळत. म्हणजे ज्या घरात ऑलिम्पिकचे पदक आहे त्या घरात हा मुलगा वाढला. १९९६ साली अटलांटाला गेला तेव्हा जागतिक क्रमवारीत तो शंभराच्या पुढे होता. त्याच्याकडून कोणालाच काही अपेक्षा नव्हती. उपांत्य सामन्यात आंद्रे अगासीने त्याला हरवले. कांस्यपदकाच्या सामन्यात मनगट दुखावलेले, पहिला सेट ३-६ असा गेलेला. आणि तिथून त्याने ब्राझीलच्या मेलिजेनीला ६-२, ६-४ असे हरवले. १९५२ मध्ये हेलसिंकीला आपल्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले होते. त्यानंतर तब्बल ४४ वर्षांनी एका भारतीयाला वैयक्तिक पदक मिळाले. मी तेव्हा शाळेत होतो. टेनिसचे गुण पंधरा, तीस, चाळीस असे का मोजतात हे आमच्या वर्गात कोणालाही ठाऊक नव्हते, पण दुसऱ्या दिवशी सगळे लिअँडरचे झाले होते.

कौतुक वाटणे ही वाईट गोष्ट आहे का? मुळीच नाही. दुसऱ्याचा चांगुलपणा, दुसऱ्याचे कौशल्य पाहून आपल्याला आनंद होतो, ही देवाची देणगी आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी मत्सराची फोड करताना सांगितले आहे की, दुसऱ्याजवळ चांगले आहे याचे दुःख होणे हे पाप. पण ते आपल्याजवळ नाही याची खंत वाटून माणूस कामाला लागला, तर ती खंत चांगलीच. कौतुकाने मत्सराचे मूळ तुटते. ज्याला कोणाचेच कौतुक वाटत नाही त्याला देवाची स्तुती करणेही जड जात असावे, असे माझे मत आहे.

पण कौतुकाचे दोन रस्ते आहेत. सोरेन किर्केगार्द नावाच्या डॅनिश तत्त्वचिंतकाने (तो लुथरपंथी होता, पण शहाणपण कुठलेही असो, घ्यावे) १८५० साली लिहिलेल्या पुस्तकात एक भेद केला आहे. एक असतो चाहता आणि एक असतो अनुयायी. चाहता दुरून बघतो, टाळ्या वाजवतो, भारावतो; त्याच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र काहीही हलत नाही. अनुयायी कदाचित टाळ्या वाजवायला विसरतो, पण पहाटे उठतो. किर्केगार्दचे म्हणणे असे की, प्रभू येशूला चाहत्यांची गरज नव्हती. डोंगरावर भाकरी खाऊन त्याला राजा करायला निघालेली गर्दी चाहत्यांची होती, आणि शुभवर्तमान सांगते की तो त्यांच्यातून निघून एकटाच डोंगरावर गेला.

मग चांगल्या खेळाडूचे नुसते चाहते न राहता त्याच्याकडून शिकायचे म्हणजे काय? फेडररसारखा फटका मारता येणे आपल्या नशिबी नाही. पण त्याच फेडररने जून २०२४ मध्ये अमेरिकेत डार्टमथ येथे विद्यार्थ्यांपुढे एक हिशोब मांडला होता, तो आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर लावावा असा आहे. एकेरीचे १५२६ सामने तो खेळला आणि त्यातले जवळजवळ ८० टक्के जिंकला. पण त्या सामन्यांतले गुण मोजले तर त्याने जिंकले फक्त ५४ टक्के. म्हणजे जगातला एक सर्वश्रेष्ठ खेळाडू जवळजवळ दर दुसरा गुण हरत होता! गुण गेला की तो सोडायचा आणि पुढच्या सर्व्हिसला उभे राहायचे. दहावीच्या सराव परीक्षेत गणिताचे गुण कमी पडले म्हणून मुलाशी चार दिवस अबोला धरणाऱ्या आईवडिलांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि वर्षानुवर्षे पापनिवेदनाला न येणाऱ्यांनीही. "फादर, तेच तेच पाप पुन्हा होते, मग कशाला यायचे?" असे मला विचारतात. अहो, गेलेला गुण मागे टाकून पुन्हा रेषेवर उभे राहता यावे, म्हणूनच तर हा संस्कार आहे.

लिअँडर पेसकडे शिकण्यासारखे आहे ते दुहेरीत. १८ ग्रँड स्लॅम विजेतेपदे: ८ पुरुष दुहेरीत आणि १० मिश्र दुहेरीत. कारकिर्दीत त्यांना शंभराहून अधिक जोडीदार लाभले. २००३ साली मार्टिना नवरातिलोवा यांच्याबरोबर विम्बल्डन जिंकले तेव्हा त्या ४६ वर्षांच्या होत्या. १९९२ ते २०१६ सलग सात ऑलिम्पिक, आणि २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये स्थान.

दुहेरी कशी खेळतात ते पाहिले आहे का? एक जण मागून सर्व्हिस करतो, दुसरा जाळ्यापाशी वाकून उभा असतो, त्याची पाठ जोडीदाराकडे. सर्व्हिसच्या आधी तो पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो: मी इकडे सरकेन, किंवा जागेवर राहीन. समोरच्यांना ती दिसत नाही, जोडीदारालाच दिसते. मग मागून प्रचंड वेगाने चेंडू येतो आणि त्याच्या खांद्याजवळून पलीकडे जातो. त्याने वळून बघायचे नसते. वळला तर समोरून येणारा परतीचा फटका हुकणार. जोडीदार नीट मारील, माझ्या डोक्यात मारणार नाही, एवढ्या भरवशावर तो उभा असतो.

महेश भूपती आणि लिअँडर पेस असे उभे राहिले तेव्हा काय झाले हे सर्वांना माहीत आहे. १९९९ साली त्यांनी चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांची अंतिम फेरी गाठली आणि फ्रेंच व विम्बल्डन जिंकल्या. गुण मिळाला की उडी मारून छातीला छाती भिडवायचे. आमच्या पिढीतली मुले क्रिकेटमध्ये विकेट पडली तरी तसेच करायची. आणि मग ते फुटले. का फुटले, कोणाचे चुकले, यावर इथे निकाल देण्याचा मला अधिकार नाही. चाहत्यांनी मात्र तो लगेच दिला. कोणी लिअँडरचे झाले, कोणी महेशचे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी तर कोणी कोणाबरोबर खेळायचे यावरून देशभर वाद झाला. शेवटी दोन वेगळ्या जोड्या पाठवल्या गेल्या आणि पुरुष दुहेरीत दोन्ही जोड्या दुसऱ्याच फेरीत हरल्या.

पण या गोष्टीचा एक भाग फारसा सांगितला जात नाही. आपसात बिनसलेले असतानाही डेव्हिस चषकात देशासाठी हे दोघे एकत्र उभे राहिले की जिंकत. सलग २४ दुहेरी सामने त्यांनी जिंकले. २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकही. मनातला राग गेला होता असे कोणी म्हणत नाही. राग होता, आणि तरीही जाळ्यापाशी पाठ करून उभे राहणे होते. मला यातले हेच सर्वात जास्त शिकण्यासारखे वाटते.

आता करिंथला जाऊ या. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट घालत, जो काही दिवसांत सुकून जाई. संत पौल त्या शहरात दीड वर्ष राहिले, तंबू शिवण्याचे काम करत. म्हणूनच करिंथकरांना लिहिताना त्यांना धावण्याची आणि मुष्टियुद्धाची उपमा सुचते. खेळाडू सुकणाऱ्या मुकुटासाठी स्वतःला इतके शिस्त लावतो, मग न सुकणाऱ्यासाठी आपण काय करतो, असा त्यांचा प्रश्न आहे. हा भाग आपण पुष्कळदा ऐकतो. पण त्याच पत्राची सुरुवात कशाने होते? भांडणाने. करिंथच्या ख्रिस्तसभेत गट पडले होते. काही म्हणत आम्ही पौलाचे, काही म्हणत आम्ही अपुल्लोचे, काही पेत्राचे. अपुल्लो आलेक्सांद्रियाचे, विद्वान, उत्तम वक्ते; पौलांचे बोलणे तेवढे प्रभावी नसावे, असे त्यांच्याच पत्रांवरून वाटते. चाहत्यांना तुलनेसाठी एवढे पुरे होते! ज्यांच्या नावाने गट पडले ते पौल आणि अपुल्लो आपसात भांडत नव्हतेच. पौल चिडून विचारतात, तुमच्यासाठी क्रुसावर मी गेलो होतो का? आणि मग शेतकऱ्याला समजेल असे बोलतात: पेरणारा एक, पाणी देणारा दुसरा, पण रोप वाढवणारा देव. आपण वऱ्हाडातले लोक. पराटी लावली आणि पाऊसच आला नाही तर पेरणाऱ्याच्या नावाने जयजयकार करून बोंड धरत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

ज्याचे आपण चाहते असतो तो माणूस आहे, हे आपण विसरतो. म्हणून ख्रिस्तसभा जिवंतपणी कोणालाही संत ठरवत नाही. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप महोदयांनी ज्यांना संत घोषित केले त्यात पिएर जोर्जो फ्रास्साती हा डोंगर चढण्याचा वेडा तरुण होता. तो वारला १९२५ मध्ये; शंभर वर्षे थांबलो आपण. खेळाडूला आपण एका संध्याकाळी देव करतो आणि दुसऱ्या संध्याकाळी शिव्या घालतो.

आता घरचे बोलतो. आपल्या धर्मग्रामात एक वाक्य मला वारंवार ऐकू येते: "पह्यलेचे फादर असे नव्हते बॉ." खरे आहे, नव्हते. त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकतो आहे. माझ्यानंतर येणाऱ्या फादरांना माझे नाव सांगून कोणी छळू नये, एवढीच विनंती. पण गायनमंडळाची गोष्ट एवढ्यावर सोडता येत नाही. वेदीच्या डाव्या बाजूला एक मंडळ, उजव्या बाजूला दुसरे. एकाने प्रवेशगीत म्हटले की दुसरे तोंड मिटून उभे. जुन्या गायनशिक्षकांनी बसवलेल्या चाली म्हणणारे त्यांचे, आणि नव्या चाली आणणारे नव्या शिक्षकांचे. दोन्ही शिक्षक बाहेर भेटले की एकत्र चहा पितात, हे मी स्वतः पाहिले आहे. मागच्या सणाला मात्र एका आजीने मला विचारले, "फादर, आज कोनाची मिस्सा हाय?" त्यांना विचारायचे होते, आज कोणते मंडळ गाणार आहे. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साबलीला दोन मंडळे गाणार नाहीत. एकच गाईल. त्यात दोन्हीकडचे सगळे असतील. अर्धी गीते जुन्या चालीवर, अर्धी नव्या. कोणती गीते घ्यायची ते दोन्ही शिक्षक मिळून ठरवतील, मी त्यात बोलणार नाही. मनातला राग गेल्यावरच या, अशी माझी अट नाही. राग असला तरी या.

पहिला सराव पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर लगेच आहे. हार्मोनियम एकच आहे आणि तो मधोमध ठेवला जाईल.

आपले धर्मगुरू