चाळिशीतला धंदा आणि घरच्यांची भाकरी



आपल्या दादरा-सिल्वासाच्या मंडळींत हल्ली एक प्रश्न सारखा निघतो. यार्नच्या नाहीतर प्लास्टिकच्या कंपनीत पंधरा-वीस वर्षं गेली, काम अंगवळणी पडलं, आता स्वतःचं काहीतरी करावंसं वाटतं. त्यासाठी मॅनेजमेंटचा कोर्स करावा का? आणि मुलांची फी, आई-वडिलांची औषधं चालू असताना पीएफचा पैसा त्यात घालणं धर्माला धरून आहे का?

काहीजण म्हणतात, फळाची चिंता सोडा आणि उडी मारा. आम्हाला हे पटत नाही. गीतेत फळाची आसक्ती सोडायला सांगितली आहे, हिशेब सोडायला नाही. आपण पडलो तर घरची चार माणसंही आपल्याबरोबर पडतात.

कोर्सचा उपयोग इथेच होतो. अनुभवी माणसाला मशीन कळतं, माल कळतो. पण पार्टीने ९० दिवसांनी पैसे दिले तर मधले पगार कुठून द्यायचे, हे नोकरीत बघावं लागलेलं नसतं. तिथे ते कागदावर मांडून बघता येतं. गिऱ्हाईक आहे का, किती तोट्याला थांबायचं, घरचा आणि धंद्याचा पैसा वेगळा कसा ठेवायचा, हे आधी ठरवायची सवय लागते.

फाल्गुनी नायर १९८५ साली अहमदाबादच्या आयआयएममधून शिकून बाहेर पडल्या. कोटक महिंद्रमध्ये जवळपास दोन दशकं काढली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१२ साली, नायका सुरू केली. शिक्षण, अनुभव आणि साठवण, तिन्ही हाताशी होतं. आपल्यापैकी बहुतेकांकडे तेवढी साठवण नसते. म्हणून नुसतं त्यांचं वय बघून नोकरी सोडू नये.

आपल्याला लक्ष्मणराव किर्लोस्करांची वाट जवळची वाटते. त्यांच्या वेळी असे कोर्स नव्हते. मुंबईत शिकवायची नोकरी चालू ठेवून ते सायकली घेऊन बेळगावला पाठवत, तिथे भाऊ त्या विकत. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती पुढे, १९१० साली. आजही नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी करता येणारे कोर्स आहेत. पगार बंद करून पूर्णवेळ शिकायला जायचं, तर फीत बुडालेला पगारही धरावा.

एक गोष्ट मात्र कुठलाही कोर्स शिकवत नाही. हे आपण कशासाठी करतोय? साहेबावरचा राग किंवा शेजाऱ्याची गाडी हे कारण असेल, तर थोडं थांबलेलं बरं.

म्हणून फी भरण्याआधी एक करा. सगळे आकडे वहीत लिहा आणि घरच्यांसमोर मोठ्याने वाचा. किती पैसा लागेल, किती बुडू शकतो, घर किती महिने चालेल. ज्यांच्या ताटातलं कमी होणार, त्यांना "नको" म्हणायचा हक्क आहे. पुरते आकडे ऐकून त्यांनी "हो" म्हटलं, तर मग खुशाल कामाला लागा.

हे आपल्या कुटुंबाच्या ग्रुपमध्ये वाचून दाखवा आणि जेवताना यावर बोला. 🙏