किरकोळ जिन्नस

आईच्या पश्चात तिच्या चीजवस्तूंची यादी करावयास आम्ही आखाडा बाळापूरच्या घरी बसलो, तेव्हा लेखणी पुतण्याच्या हाती होती. आणि घरची वाटणी म्हणजे तहसिलीतला पंचनामाच, अशी त्याची समजूत असल्यामुळे प्रत्येक जिन्नस मोठ्याने पुकारून तो कागदावर चढवीत होता. तांब्याचा हंडा एक, पितळी समया दोन, पाटा-वरवंटा, इरकली लुगडी चार. मग एका पुरचुंडीतून काळ्या दोऱ्यात ओवलेला, हरभऱ्याहून थोडा मोठा, पितळी कोंदणातला काचेचा मणी निघाला. त्याने तो हातभर दूर खिडकीच्या उजेडात धरला, उलटसुलट केला आणि "काका, यात काहीच नाही हो," असे म्हणून 'किरकोळ' या सदरात त्याची नोंद केली.

मला राग आला तो नोंदीचा नव्हे. माझ्या लहानपणी वडिलांनी हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनातून रुपया-दीड रुपयाला आणलेली ती वस्तू कोणत्याही मूल्यमापनाने किरकोळच ठरली असती. राग आला तो 'काहीच नाही' या दोन शब्दांचा, आणि तोही पुरता न्याय्य नव्हता; कारण हातभर अंतरावरून त्या मण्यात खरोखरच काही नसते. तो पापणीच्या केसांना टेकेल इतका जवळ आणावा, दुसरा डोळा मिटावा, तोंड आभाळाकडे करावे, म्हणजे आत भिंतीएवढा विठ्ठल कटीवर कर ठेवून उभा राहतो. जत्रेत मिळणाऱ्या तसल्या अंगठ्या, लॉकेटे आणि किल्ल्यांच्या साखळ्या वाचकांनी पाहिलेल्या असणारच. त्यांचे वर्णन वाढवीत नाही.

या खेळण्याची कुळकथा मात्र आपल्या जत्रांपासून बरीच लांब जाते. मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सर नामक चष्मे-दुर्बिणी करणाऱ्या कारागिराने १८३९ च्या सुमारास छायाचित्र इतके लहान करून दाखविले की, ते पाहावयास सूक्ष्मदर्शक लागावा. आता सूक्ष्मदर्शक काही कोणी गळ्यात घालून हिंडत नाही; तेव्हा ही विद्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली गंमत होऊन राहिली असती. परंतु पॅरिसच्या रने दाग्रों याने लॉर्ड स्टॅनहोपच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भिंगात फेरफार करून त्याची काडीसारखी कांडी केली. तिचे एक टोक फुगीर, दुसरे सपाट. आणि लांबी अशी बेतलेली की, फुगीर टोकाचा केंद्रबिंदू नेमका सपाट टोकावर पडावा. त्या सपाट टोकाला टाचणीच्या डोक्याएवढे चित्र पारदर्शक डिंकाने चिकटविले, की चित्र आणि सूक्ष्मदर्शक एकाच मण्यात नांदू लागले. १८५९ साली त्याने याची सनद घेतली, आणि थोड्याच वर्षांत अंगठ्या, क्रूस, टाक, सुईघरे यांच्या पोटात ही कांडी शिरली. तीर्थस्थानांची चित्रे त्यांत असत, राजेराण्यांची असत आणि सभ्य गृहस्थ सहकुटुंब असताना पाहणार नाहीत अशीही असत. भिंगाला सोवळेओवळे नसते.

गुप्त आणि खासगी हे दोन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात, याची मला फार दिवसांपासून खंत आहे. गुप्त गोष्ट म्हणजे जिचे अस्तित्वच दुसऱ्यास कळू द्यावयाचे नाही ती. खासगी गोष्ट आहे हे सर्वांस ठाऊक असते, मात्र तीत एका वेळी एकालाच प्रवेश असतो. पुरलेला हंडा गुप्त असतो, देवघर खासगी. आईच्या मण्यात विठ्ठल आहे हे आमच्या गल्लीतल्या पोराटोरांनाही माहीत होते, आणि मागितला की ती तो दाखवीतही असे. पण पाहणाऱ्यामागून दुसऱ्याला डोकावता येत नसे, आणि 'वा, काय सुंदर!' असे दोघांना एकाच क्षणी म्हणता येत नसे.

औंढ्याला जे गेले आहेत त्यांस हे अधिक सांगावयास नको. देऊळ फिरल्याची कथा तिथे जो तो ऐकवितो; मला मात्र त्या कथेपेक्षा तिथल्या गाभाऱ्याचे नवल वाटत आले आहे. बाहेर एवढे विस्तीर्ण आवार, कोरीव शिल्पांनी भरलेल्या भिंती, आणि नागनाथ स्वतः तळघरात. अरुंद, उभ्या पायऱ्यांनी, अंग चोरून, एकेकाने उतरावयाचे, आणि खाली पोहोचल्यावर छत डोक्याला लागेल म्हणून वाकलेलेच राहावयाचे. ज्याने ते देऊळ बांधले त्याला भिंगाची कांडी ठाऊक नव्हती, परंतु दर्शन मोठे करावयाचे तर द्वार लहान करावे, हे त्याला पक्के ठाऊक होते.

याच्या नेमकी उलट विद्याही आपल्याकडे होती. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ पासून शांबरिक खरोलिकेचे खेळ दाखविले. काचेवरचे वीतभरही नसलेले चित्र दिव्याच्या झोताने पडद्यावर पसरावयाचे आणि शेकडो लोकांनी ते एकदम पाहावयाचे. गंमत अशी की, दाग्रोंच्या स्वतःच्या कलेलाही एकदा हा सार्वजनिक अवतार घ्यावा लागला. १८७० साली जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा दिला, तेव्हा हा गृहस्थ फुग्यात बसून शहराबाहेर निसटला आणि बाहेरच्यांचे निरोप सूक्ष्म करून एकेका पापुद्र्यावर सुमारे ३,००० या हिशेबाने उतरवू लागला. ते पापुद्रे नळीत गुंडाळून कबुतराच्या शेपटीच्या पिसाला बांधीत. कबूतर ससाण्याच्या, थंडीच्या आणि शत्रूच्या तावडीतून वाचून पोहोचले, म्हणजे पापुद्रा खरोलिकेसारख्या यंत्रातून भिंतीवर पाडून कारकून त्याची नक्कल उतरून घेत. 'बाळ सुखरूप आहे' हा एखाद्या मातेसाठीचा निरोप आधी चार कारकुनांनी वाचावयाचा! खासगी गोष्ट सरकारी दफ्तरातून गेली की तिचे असेच व्हावयाचे. पण हे विषयांतर झाले.

माझे हे विवेचन आमच्या गुरुजींना मुळीच पटले नाही. गुरुजी म्हणजे गावातले निवृत्त मुख्याध्यापक. अंधश्रद्धेविरुद्ध भाषणे देत त्यांनी अर्धा जिल्हा पायांखाली घातला आहे. मणी हातात घेण्यापूर्वीच ते म्हणाले, "दूरचित्रवाणीवर विकायचे ते हनुमान चालीसा यंत्र तुला आठवते ना? तेही लॉकेटच, त्यातही भिंग, आणि भिंगाआड सूक्ष्म अक्षरांत चालीसा. भिंग एक, बनवाबनवीही एकच." त्या यंत्राच्या जाहिरातींचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले होते, आणि चमत्कारिक, दैवी गुणांचा दावा करून अशा वस्तूंची जाहिरात करणे बेकायदेशीर आहे असा निर्णय खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या आधारे दिला, हे गुरुजींनी तारीखवार सांगितले. त्यांच्यापाशी कात्रण असते.

माझे उत्तर तयार होते, आणि ते मला फार चोख वाटत होते. मणी म्हणतो, 'आत विठ्ठलाचे चित्र आहे. डोळा लाव आणि खात्री करून घे.' दावा आणि रुजवात दोन्ही जागच्या जागी. यंत्र म्हणते, 'आत चालीसा आहे, आणि ती तुझे कर्ज फेडील.' पहिला अर्धा भाग डोळ्याला दिसतो, दुसरा कोणालाच दिसत नाही. आणि दिसणाऱ्या अर्ध्याची साक्ष काढून न दिसणारा अर्धा विकावयाचा, ही त्यातली मेख. म्हणून मणी प्रामाणिक, यंत्र लबाड. गुरुजी किंचित विचारात पडलेले पाहून मी विजयी मुद्रेने मणी त्यांच्यापुढे केला आणि म्हणालो, "स्वतःच पाहा."

त्यांनी चष्मा काढला, एक डोळा मिटला, दाराशी जाऊन बराच वेळ पाहिले आणि मणी परत देत म्हणाले, "तुझा पुतण्या बरोबर सांगत होता."

मी पाहिले. आत तपकिरी ढग होता, त्यात एक बुडबुडा, आणि विठ्ठलाच्या जागी विठ्ठल आहे असे ज्याला आधीच ठाऊक असेल त्यालाच जाणवावी अशी एक फिकट रेघ. डिंक सुकला होता, चित्र काचेपासून सुटले होते. हे गेल्या महिन्यात झालेले नसणार. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला त्याच्याही आधीपासून हे चाललेले असावे. म्हणजे कित्येक वर्षे ती जो मणी गळ्यात वागवीत होती, रात्री उशाशी ठेवीत होती आणि सकाळी डोळ्याला लावून मग चुलीकडे जात होती, त्यात पाहण्यासारखे काही उरलेले नव्हते. आणि तिने कधी तक्रार केली नाही, दुसरा आणा म्हटले नाही, की पोरांना दाखवावयाचे आपण का बंद केले हेही सांगितले नाही.

माझी चोख विभागणी त्या बुडबुड्यात विरघळली. रुजवात, प्रत्यक्ष, खात्री हे सारे शब्द माझ्या कामाचे होते, तिच्या नव्हे. न दिसणाऱ्या अर्ध्यावरच तीही जगत होती, यंत्र घेणाऱ्या कर्जबाजारी माणसासारखीच. फरक शोधू गेलो तर तो भिंगात सापडेना, चित्रात सापडेना. सापडला तो एवढाच की, तिने तो अर्धा भाग कोणाला विकला नाही, आणि कोणी तो तिला विकलाही नव्हता. वडिलांनी मोजलेले पैसे काचेचे आणि चित्राचे होते. खंडपीठानेही, नीट पाहता, हात घातला तो कोणाच्या गळ्यातल्या दोऱ्याला नव्हे, दाव्याच्या जाहिरातीला. खासगी गोष्टीचा लिलाव मांडला की ती फसवणूक होते, असे मी गुरुजींना सांगू लागलो.

"म्हणजे गप्प बसलेली अंधश्रद्धा तुला चालते," ते म्हणाले.

कालपर्यंत मी यावर त्वेषाने 'नाही' म्हटले असते; त्यांच्या दोन सभांचे अध्यक्षपदही मी भूषविलेले आहे. पण मण्यावरून अंगठा फिरवता फिरवता मी "चालते" म्हणून गेलो, आणि म्हटल्यावर ते मागे घ्यावेसे वाटले नाही. गुरुजींनी चष्मा चढविला. उद्या तोच विक्रेता माझे हेच वाक्य आपल्या कैफियतीत घालील, असे त्यांनी बजावले. ते खरे आहे, आणि त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही.

पुतण्याने संध्याकाळी यादी वाचून दाखविली. हंड्यावर दोघांचा हक्क निघाला, समयांची एकेक वाटणी झाली, लुगड्यांवरून थोडी कुरबुर झाली. 'किरकोळ' सदरातल्या मण्यावर कोणीच हरकत घेतली नाही, म्हणून तो माझ्याकडे आला.