आवड आणि वावडे

मराठीतला 'वावडे' हा शब्द मला फार सोयीचा वाटतो. त्यात तक्रार आहे, पण कडवटपणा नाही. पंगतीत 'मला वांगे आवडत नाही' असे म्हटले, तर वाढणारी दुखावते. 'मला वांग्याचे वावडे आहे' असे म्हटले, की ती निमूटपणे दुसरी भाजी आणते. आवड हा मनाचा प्रांत आहे. तिथे माणसाला दोष देता येतो, त्याची समजूत घालता येते, प्रसंगी त्याच्यावर रागावता येते. वावडे हे देहाचे असते. त्याच्यापुढे कोणाची वकिली चालत नाही.

१९०६ साली व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के नावाच्या बालरोगतज्ज्ञाने 'ॲलर्जी' हा शब्द बनवला. 'निराळे' आणि 'कार्य' अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने एकत्र जोडले. चारचौघांना जे निरुपद्रवी, तेच एखाद्या शरीराला शत्रू वाटते आणि ते शस्त्र उपसून उभे राहते, असा त्याचा आजचा अर्थ. आपल्या आजीला हे ग्रीक ठाऊक नव्हते. पण 'तिला मुगाचे चालते, हरभऱ्याचे वावडे आहे' एवढे तिला पक्के ठाऊक होते.

मात्र घराघरांत जरा लक्ष देऊन पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. सगळी वावडी सारख्या मानाची नसतात. आजोबांचा घसा वांग्याने खवखवतो, म्हणून तीस-तीस वर्षे घरात वांगे शिजत नाही. त्याच घरात सुनेला धुपाच्या धुराने खोकल्याची उबळ आली, तर 'तुमच्याकडे धूप घालत नव्हते वाटते?' असा प्रश्न येतो. मुलाला दूध पचत नाही म्हणून त्याला निराळे काही करून देतात. मोलकरणीच्या हाताला साबणाने भेगा पडतात, त्या मात्र तिच्या तिलाच ठाऊक. वावडे देहाचे असते खरे, पण ते मान्य करायचे की नाही, हे त्या माणसाची घरातली पायरी ठरवते.

गेल्या वर्षी हा सगळा प्रश्न आमच्या घरात मांजराच्या रूपाने उभा राहिला. आमची धाकटी मुलगी पाचवीत आहे आणि तिला मांजर हवे होते. माझ्या पत्नीला लहानपणापासून दमा आहे. मांजर असलेल्या घरी हळदीकुंकवाला गेली, तरी ती डोळे चोळीत परत येते. पण मुलीने तयारी करूनच विषय काढला.

"बाबा, सायबेरियन मांजराने म्हणे शिंका येत नाहीत. आणि एक तर बिनकेसांचंच असतं. ते आणू या ना!"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. मला व्याकरण समजते, मांजर समजत नाही. म्हणून मी तिला आमच्या डॉक्टरांसमोर बसवले. त्यांनी जे सांगितले ते असे. दोष केसांचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींत एक प्रथिन असते; शास्त्रज्ञ त्याला 'फेल डी १' म्हणतात. मांजर दिवसभर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि तिचे अतिसूक्ष्म कण अंगाच्या कोंड्याबरोबर हवेत जातात. ते तासन् तास तरंगतात, गादीत बसतात, पडद्यांत अडकतात आणि कपड्यांवर बसून जिथे मांजर नाही अशा घरांत आणि शाळांतही जाऊन पोहोचतात. म्हणून बिनकेसांच्या मांजरानेही शिंका येतात. काही जातींत हे प्रथिन कमी असते असे विकणारे सांगतात. पण त्यापासून पूर्ण मुक्त अशी एकही जात नाही. उलट, एकाच जातीच्या दोन मांजरांत पुष्कळ फरक असू शकतो. बोक्याच्या अंगी ते जास्त असते, खच्ची केल्यावर कमी होते. मांजराच्या खाद्याला कोंबडीच्या अंड्यातली प्रतिद्रव्ये लावून केलेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरचे प्रथिन सरासरीने जवळजवळ निम्म्यावर आले. निम्म्यावर आले, संपले नाही.

म्हणजे 'कोणते मांजर आणावे?' या प्रश्नाला दुकानात उत्तर नाही. जातिवंत मांजराला वीस-तीस हजार मोजले, तरी पैशाच्या मोबदल्यात बायकोचा श्वास सुरक्षित राहील अशी हमी कोणी देत नाही. हे ऐकून मुलगी हिरमुसली. तेव्हा आमच्या मातोश्री तिच्या मदतीला धावल्या.

"आमच्या माहेरी सात मांजरं होती. कोणाला काही झालं नाही. सवय होते गं हळूहळू," त्या सुनेला म्हणाल्या.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. नातीचे तोंड उतरलेले त्यांना पाहवत नव्हते, इतकेच. तरीही 'सवय होते' या दोन शब्दांवर मी त्या रात्री पुष्कळ विचार केला. काही जणांना सवय होत असेलही. पण ज्याला दमा आहे त्याने त्या भरवशावर राहू नये, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. मला खटकले ते निराळेच. हे वाक्य आपण नेहमी एकाच माणसाला ऐकवतो. ज्याला मांजर हवे आहे त्याला कोणी म्हणत नाही की, 'मांजरावाचून राहा, सवय होईल.' ज्याला श्वास लागतो, त्यालाच सवय करून घ्यायला सांगतात. एकाची हौस आणि दुसऱ्याचा श्वास असे दोन पदार्थ तराजूत घातले, तर कोणते पारडे जड, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. परंतु घरात तो तराजू क्वचितच बाहेर निघतो. कारण ज्याचा श्वास आहे तो बहुधा 'मला चालेल' म्हणून मोकळा होतो. विशेषतः ती आई असेल तर होतेच. आईचे 'मला चालेल' हे संमती म्हणून धरावे की नाही, हा नीतिशास्त्रातला अवघड प्रश्न आहे, असे मला वाटते.

आणि या खटल्यात तिसरा एक पक्षकार आहे. त्याला कोणी विचारतच नाही. तो म्हणजे मांजर.

रामानुजांच्या परंपरेत भक्तीचे दोन न्याय सांगतात. माकडिणीचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून बसते, तो मर्कटन्याय. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही. आई त्याला मानेला धरून उचलते आणि नेईल तिथे ते जाते, तो मार्जारन्याय. भक्ताने देवावर किती भार टाकावा, यासाठी ही उपमा आली. पण मांजर पाळणाऱ्यालाही ती तंतोतंत लागू पडते. पिल्लाने आपल्याला निवडलेले नसते. आपण त्याला उचलतो. त्यामुळे पुढचा सगळा भार उचलणाऱ्यावर पडतो.

माझ्या कादंबरीत एखादे पात्र जमले नाही, तर मी पाने फाडतो आणि दुसऱ्या दिवशी नव्याने लिहायला बसतो. जिवंत प्राण्याच्या बाबतीत ही सोय नाही. पण ती आहे असे समजून आपण वागत आलो. नको झालेले मांजर पोत्यात घालायचे आणि नदीपलीकडे किंवा मासळीबाजारात नेऊन सोडायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. गंमत अशी की, मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, या भीतीने लोक त्याच्यावर काठी उगारीत नाहीत. सोडून देण्याला मात्र शास्त्राने प्रायश्चित्त सांगितलेले कोणाच्या ऐकिवात नाही. जे काम हाताला रक्त न लागता होते, त्याला आपण पाप म्हणत नाही. १९६० साली प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. सबळ कारण नसताना, भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हाही त्याने गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला दंड लावला दहा ते पन्नास रुपये. सोन्याच्या मांजरापुढे हे फारच स्वस्त झाले! आणि ज्याच्या दम्यासाठी मांजर घालवायचे, त्याला तरी लगेच आराम कुठे पडतो? मांजर गेल्यावरही ते प्रथिन गाद्यागिरद्यांत कित्येक महिने मुक्काम ठोकून असते.

इथे कोणी युधिष्ठिराचे उदाहरण देईल. स्वर्गाच्या दारी इंद्र रथ घेऊन उभा होता आणि धर्मराजाने मागोमाग आलेल्या कुत्र्याला टाकून रथात बसायचे नाकारले. तो कुत्रा तर आपण होऊन मागे लागला होता. कोणी त्याला हौसेने आणलेले नव्हते. तरीही त्याला टाकता आले नाही. मग आपण हौसेने आणलेल्या मांजराचे काय? पण मला एक फरक दिसतो. युधिष्ठिर स्वतःचा स्वर्ग पणाला लावीत होता. दुसऱ्याचा श्वास नव्हे. मांजर घरात आल्यावर कोणाचा दमा उसळला, तर माणसाचा जीव आधी पाहिलाच पाहिजे, आणि त्या मांजराला चांगले घर शोधून देण्याचे ऋणही फेडलेच पाहिजे. दोन कर्तव्ये एकमेकांच्या अंगावर येतात, तेव्हा कोणते तरी एक जखमी होते. म्हणून खरा विवेक तिथे नाही. तो मांजर घराचा उंबरठा ओलांडण्याच्या आधीचा आहे.

आम्ही एवढेच ठरवले, की जात पाहायची नाही. एक विशिष्ट मांजर पाहायचे, तेही पिल्लू नव्हे, वाढलेले. निर्णय पत्नीने घ्यायचा आणि तिने 'नाही' म्हटले तर कारण विचारायचे नाही. ती 'हो' म्हणाली, तर निजायची खोली मांजराला कायमची बंद. ओल्या फडक्याने रोज फरशी पुसणे, आठवड्याला चादरी गरम पाण्यात धुणे, ही कामे मी आणि मुलगी करणार. हे शेवटचे कलम मी मुद्दाम घातले. आपल्या घरांत हौस एकाची असते आणि केरसुणी दुसऱ्याच्या हातात. ज्याला धुळीने धाप लागते, त्यानेच धूळ झाडायची, हा न्याय मला मान्य नाही. आवड ज्याची, कष्ट त्याचे. वावडे ज्याचे, शब्द त्याचा.

पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त परिचारिका राहतात. त्यांच्याकडे शस्त्रक्रिया झालेली, चार वर्षांची, करड्या रंगाची एक मांजरी आहे आणि तिला चांगले घर मिळाले तर त्या द्यायला तयार होत्या. डॉक्टरांना विचारून, औषध जवळ ठेवून, पत्नी तिथे तीनदा जाऊन तासभर बसली. पहिल्या दोन वेळी चार-दोन शिंकांवर निभावले. मुलीने मांजरीचे नावसुद्धा मनात ठरवून टाकले. तिसऱ्या भेटीनंतर रात्री पत्नीची छाती भरली. सकाळी ती एवढेच म्हणाली, "नाही जमायचं."

ठरल्याप्रमाणे कोणी कारण विचारले नाही. मुलगी रडली, तिला रडू दिले. मातोश्रींनी तिला जवळ घेतले आणि 'सवय' हा शब्द पुन्हा काढला नाही.

आता मुलगी रोज संध्याकाळी त्या बाईंकडे जाते. सुरुवातीला ती आपल्या वाटचे दूध मांजरीसाठी नेत असे. बाईंनी तिला सांगितले की, बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही; जन्मभर आपण त्यांना आवडीने दूध पाजतो आणि त्यांचे पोट बिघडते. हे ऐकून ती चकित झाली. "म्हणजे तिलाही वावडं असतं?" असे तिने मला येऊन विचारले. असते तर! फिनेलचे असते, लिलीची फुले तर तिला विषच असतात, आणि दम्याने खोकणारी मांजरेही असतात. उदबत्तीचा धूर त्यांनाही सोसत नाही. तेव्हापासून ती मांजरीला वाटीभर पाणी ठेवते. घरी आल्यावर ती आधी हातपाय धुते, फ्रॉक बदलते, आणि मगच आईच्या गळ्यात पडते. तिला हे कोणी रोज सांगावे लागत नाही.

आता दिवाळी आली. आपल्या घरी फटाक्यांची आवड कोणाला आणि त्यांच्या धुराचे वावडे कोणाला, हे माळ पेटवण्याआधी एकदा विचारून पाहायला हरकत नाही. उत्तर द्यायला घरातली सर्वांत कमी बोलणारी व्यक्ती पुढे आली, तर तिचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. आणि चकलीच्या ताटाजवळ कोणी अंग चोरून बसले असेल, किंवा कपाटाखाली दोन हिरवे डोळे लुकलुकत असतील, तर त्यांनाही त्या मोजणीत धरावे.