दोन सिटिंगमधले दिवस

आरसा थोडा वेळ पालथा ठेव. चिमटा कपाटात राहू दे. इलेक्ट्रोलिसिसची पुढची सिटिंग कधी घ्यायची, आठवड्याने की महिन्याने, हा प्रश्न मनात घोळतो आहे. त्याचं उत्तर लगेच शोधू नकोस. आज तो सावकाश उलगडून पाहू.

हनुवटीवरचा एकच केस डोळ्यांसमोर आण. राठ, काळा, बोटाला सारखा लागणारा. बोटाला लागतो तो त्याचा निर्जीव भाग. त्याचं जगणं त्वचेखाली, मुळाशी चाललेलं असतं. तिथे बारीक रक्तवाहिन्या त्याला पोसतात. काही महिने तो वाढतो. मग वाढ थांबते, मूळ आक्रसून वर सरकतं, केस नुसता जागेवर अडकून राहतो आणि एक दिवस गळतो. त्याच जागी पुढे नवा उगवतो. वरच्या ओठावरच्या केसाचा वाढीचा काळ साधारण चार महिन्यांचा मानतात, हनुवटीवरच्या केसाचा वर्षभरापर्यंतचा, डोक्यावरच्या केसाचा तर कित्येक वर्षांचा.

आता त्याच्या शेजारच्या केसाकडे बघ. या दोघांच्या वेळा जुळत नाहीत. एक भर वाढीत असताना दुसरा गळायला आलेला असतो आणि तिसरा अजून त्वचेखालीच असतो. आज तुला दिसतात ते फक्त आज वर आलेले. जे दिसत नाहीत तेही तिथेच आहेत, आपापल्या वेळेची वाट बघत.

इथे थोडी थांब. सगळं वेळापत्रक यातूनच निघतं.

इलेक्ट्रोलिसिसमध्ये सुई केसाच्या कडेने त्याच्या मुळापर्यंत उतरते आणि तिथे वीज सोडली जाते. एका पद्धतीत त्या विजेने तिथल्याच मीठपाण्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो मुळाला जाळतो. दुसरीत उष्णता ते काम करते. तिसरीत दोन्ही मिळून. १८७५ साली अमेरिकेतल्या सेंट लुई इथले डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी पापणीचे आत वळून बुब्बुळाला टोचणारे केस काढण्यासाठी यातली पहिली युक्ती प्रसिद्ध केली. सौंदर्यासाठी नव्हे, वेदना थांबवण्यासाठी. मला हे महत्त्वाचं वाटतं. तुझ्या हनुवटीवरचा केस टोचत नसेल, पण रोज सकाळी तो मनाला लागतो आणि त्यावर उपचार मागणं हा नखरेलपणा नाही.

वीज सगळ्यात नेमकी लागू पडते ती केस नुकताच उगवून वाढीला लागलेला असताना. म्हणून सुरुवातीला भेटी जवळजवळ हव्यात: चेहऱ्याच्या लहान भागासाठी आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक. नवे केस वर येतील तसे टिपत जायचं. पुढे केस विरळ झाले की अंतर आपोआप वाढतं, महिन्याचं होतं, मग दीड-दोन महिन्यांचं. सगळं मिळून वर्ष-दीड वर्ष धर, कधी त्याहून जास्त. याहून घाईत काम उरकण्याचं कोणी आश्वासन देत असेल, तर त्वचेला विचारून दिलेलं ते आश्वासन नव्हे.

कारण दुसरं घड्याळ त्वचेचं आहे. सिटिंगनंतर लाली येते, थोडी सूज येते, बारीक खपल्या धरतात. त्या नखाने काढायच्या नाहीत. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला प्रत्येक जखमेची आठवण राहते. खपली ओढली की तिथे तपकिरी डाग पडतो आणि तो जायला महिने लागतात. कल्याणच्या मे महिन्यातल्या उन्हात तर तो आणखी गडद होतो. म्हणून सनस्क्रीन, स्कार्फ, आणि पहिली जागा पूर्ण भरल्याशिवाय त्याच जागी पुन्हा सुई नाही. हनुवटी भरली नसेल तर त्या दिवशी कानशिलाजवळ काम करता येतं.

आता सगळ्यात अवघड भागाकडे वळू. मधले दिवस.

थ्रेडिंग नको, चिमटा नको, वॅक्स नको, हे तुला क्लिनिकमध्ये सांगितलं आहे. मुळासकट उपटलेला केस कित्येक आठवडे दिसेनासा होतो आणि सुईला तो सापडत नाही. आजवर थ्रेडिंग करत आलीस, म्हणून ते बंद केल्यावर पहिले दोन-तीन महिने केस वाढल्यासारखे वाटतील. ते वाढलेले नसतात. उपटले गेले होते तेच पुन्हा वर येत असतात. बारीक कात्रीने कापायला हरकत नाही, रेझरही चालतो. त्याने केस जाड होत नाही, फक्त टोक बोथट लागतं. मात्र सिटिंगआधी दोन-तीन दिवस तोही बंद, कारण केसाचं टोक चिमटीत धरण्याइतकं तरी हवं.

हे दोन-तीन दिवस म्हणजे डोंबिवलीहून सुटणारी सकाळची लोकल. लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकलेली तू, समोर उभ्या बाईचा चेहरा वीतभर अंतरावर, वर ट्यूबलाइट. ठाण्यापर्यंत हात हनुवटीवरून हलत नाही. तो हात आत्ता मनातल्या मनात खाली, मांडीवर घे. त्या डब्याकडे पुन्हा बघ. किती जणींच्या ओठावर थ्रेडिंगची लाली आहे. किती जणींना पीसीओडी आहे, किती जणींची पाळी नुकतीच थांबली आहे. राठ केसांच्या मागे बहुतेकदा हार्मोन असतात. त्यात तुझा दोष कुठला? पाळी अनियमित असेल किंवा केस अचानक वाढले असतील तर आधी डॉक्टरांकडून तपासून घे. औषध सुरू केलं तरी केसांवरचा फरक दिसायला सहा महिने तरी जातात, आणि नव्या केसांना फुटायचा हुकूम आतून येतच राहिला तर सुई एकटी पुरी पडत नाही.

आणि त्याच गाडीत कुणी ट्रान्स स्त्री असेल, तर तिच्या वाट्याचे हे दिवस अधिक कठीण आहेत. दाट दाढीला शंभराहून अधिक तास लागू शकतात, आणि प्रत्येक भेटीआधी तेच खुंट चेहऱ्यावर वागवत बाहेर पडावं लागतं. जिच्यासाठी तो चेहरा म्हणजे स्वतःची ओळख आहे, तिला लोकांच्या नजरांतून हे दिवस काढायचे असतात. तिच्या शेजारची जागा रिकामी राहू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर जायचं असेल, किंवा १९९९ पासून गावात निघणाऱ्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत नऊवारी नेसून चालायचं असेल, तर सिटिंग आठ-दहा दिवस आधी उरकून घे म्हणजे खपल्या गळून गेलेल्या असतील. क्लिनिक ठाण्यात असेल आणि वेळ रविवारची, तर रेल्वेचा मेगाब्लॉक बघूनच ठरव. आणि एखादी भेट चुकली तर स्वतःला बोल लावू नकोस. त्या आठवड्यात वर आलेले काही केस पुढच्या फेरीत सापडतील. काम लांबतं, वाया जात नाही.

तर पुढची तारीख. मागच्या सिटिंगनंतर सातव्या दिवशी, दिवसाच्या उजेडात, आरसा सुलटा कर आणि आधी त्वचा बघ, मग केस. खपली शिल्लक असेल किंवा बोटाला जागा दुखरी लागत असेल, तर आणखी आठवडाभर थांब. त्वचा शांत असेल आणि नवे केस वर आलेले असतील, तर फोन करून वेळ घे. त्वचा शांत आहे पण केस मोजकेच आहेत, तर सिटिंग करणाऱ्या ताईंना तसं सांग आणि अंतर वाढवायला सांग. गेल्या वेळचा डाग अजून दिसत असेल, तर तोही त्यांना दाखव. सुई नवी, सीलबंद पाकिटातून तुझ्यासमोर काढलेली आहे ना, तेवढं दर वेळी बघ.