दिवाळे आणि दप्तर

दिवाळे हा शब्द दिव्यावरून आला, असे जुनी माणसे सांगत. देणी फेडणे अशक्य झाले की सावकार पेढीवर भरदिवसा दिवा लावी आणि घेणेकरी काय ते समजत. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तो दिवा केव्हा तरी विझत असे. दप्तरातल्या नोंदीचे तसे नाही.

बारडोलीतल्या एखाद्या दुकानदारावर व्यक्तिशः नादार होण्याची पाळी आली, तर आजही त्याला १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागू होतो. २०१६ च्या नव्या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता अमलात आला आहे. नादारीचा हुकूम राजपत्रात छापला जातो. शोधणाऱ्याने तेथे पाहावे, आणि नाव व वर्ष देऊन न्यायालयात नकलेसाठी अर्ज करावा. या जुन्या कायद्यातील कलम ७३ मला फार मोलाचे वाटते. नादार मनुष्य स्थानिक संस्थांच्या निवडणुकीस अपात्र ठरतो. परंतु त्याची नादारी गैरवर्तनाने नव्हे, दुर्दैवाने ओढवली, असा दाखला देऊन न्यायालयाने त्याला मुक्त केले, तर ती अपात्रता संपते. म्हणजे परकीय राजवटीतल्या कायद्यालाही ‘का?’ हा प्रश्न विचारावासा वाटला होता.

आजच्या पतमाहितीच्या अहवालात हप्ता किती दिवस चुकला, तडजोड झाली की कर्ज निर्लेखित झाले, हे सारे असते. घरात आजारपण होते की जुगार, हे मात्र नसते. बड्या कर्जदारांसाठी ‘हेतुपुरस्सर थकबाकीदार’ असा वेगळा वर्ग आहे; सामान्य माणसाच्या वाट्याला असा भेद येत नाही.

१९२८ मध्ये सरकारी दप्तरात बारडोली तालुक्यातील हजारो शेतकरी थकबाकीदारच होते. सुमारे २२ टक्क्यांची सारावाढ त्यांनी नाकारली, म्हणून जमिनी जप्त झाल्या. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांच्या चौकशीत ६ टक्क्यांच्या आसपासच वाढ योग्य ठरली. सत्याग्रह आणि नादारी एक नव्हेत, हे मान्य; पण थकबाकीच्या रकान्याला तो फरक कळत नव्हता, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

मग दप्तरच बुडवावे काय? दुष्काळात तुकोबांचे दिवाळे निघाले. पुढे त्यांनी लोकांकडील येण्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. पण बंधू कान्होबांचा अर्धा वाटा त्यांनी वेगळा काढून दिला होता. दुसऱ्याच्या हक्काचा कागद बुडवण्याचा अधिकार आपला नाही, हे त्या विरक्त पुरुषालाही ठाऊक होते. उधारीवर धान्य देणारा वाणी पुष्कळदा स्वतःच तोट्यात असतो. नोंद राहावी, तिच्याबरोबर कारणही राहावे.

पत पुन्हा उभारणाऱ्याने प्रथम आपला अहवाल वाचावा. तो वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. चूक असल्यास तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम २०२३ मध्ये झाला आहे. त्यानंतर मुदतठेवीवर घेतलेले लहानसे कर्ज वेळेवर फेडत राहणे, हाच मार्ग. तो संथ आहे.

आपल्या दक्षिणी घराण्यांचे दप्तर मात्र तोंडी असते. स्थळाची चौकशी निघाली की तिसऱ्या पिढीलाही ‘त्यांच्या आजोबांचे दिवाळे निघाले होते’ हे ऐकावे लागते. त्या आजोबांनी पुढे दागिने मोडून देणी फेडली की नाही, हे सांगणारा अशा बैठकीत सहसा कोणी नसतो.