आधी मीठ उतरव, मग रंग

कट्टा, ता. मालवण
कार्तिक वद्य पक्ष

चि. बाय,

तुझं पत्र पोचलं. क्लासातले नोटेशनचे स्टँड गंजले, पालक म्हणतात भंगारात घाला, आणि तू विचारतेस की काळा स्प्रे मारून हे वर्ष काढता येईल का. स्प्रे एवढ्यात मारू नकोस आणि भंगारातही घालू नकोस. पायांच्या सांध्याशी तांबूस फोड, वरच्या पत्र्याच्या कडेला रंगाचे पापुद्रे, उंचीची नळी अडकत सरकणं, हे तू लिहिलंस ते सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. अंगठ्याने दाबल्यावर नळी आत जात असेल किंवा सांध्याजवळचा पत्रा कुजून पाय लुळा पडला असेल, तर तेवढा एक स्टँड बाद समज. त्याचे स्क्रू आणि रबरी टोप्या काढून ठेव, बाकीच्यांना लागतील.

तुझा क्लास मालवणात दांडीवर, समुद्र हाकेच्या अंतरावर. आमचं कट्टा आत आहे, इथे तोच स्टँड किती तरी जास्त टिकतो. पाऊस दोन्हीकडे भरपूरच. फरक मिठाचा. लाटा फुटतात तेव्हा उडणारे बारीक थेंब वाऱ्याबरोबर आत येतात, पाणी उडून जातं आणि मीठ खिडकीच्या गजांवर, पंख्याच्या पात्यांवर, स्टँडवर बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते याचमुळे. म्हणजे तुझ्या खोलीत पावसाचा थेंब न येताही लोखंड रात्रभर खाऱ्या ओलाव्यात असतं. त्यात मुलांच्या हाताचा घाम, तोही खारटच. ज्या जागी मुलं स्टँड धरून उचलतात, तिथेच गंज जास्त आहे की नाही, बघ.

म्हणून पहिलं काम धुण्याचं. बहुतेक लोक तारेचा ब्रश घेऊन कोरड्या गंजावर तुटून पडतात. त्याने वरचा भुगा झडतो, खालचा गंज घासून घासून चकचकीत होतो आणि लोखंडासारखा दिसू लागतो. खळग्यांतलं मीठ मात्र तिथेच राहतं. त्यावर कितीही महागाचा रंग दे, दोन पावसाळ्यांत तोच फोड त्याच जागी येणार. तू आधी रबरी टोप्या, प्लॅस्टिकच्या चाक्या, निघतील ते स्क्रू काढ. टोपीखाली पाणी साठलेलं असतं आणि पाय आतून कुजायला तिथूनच सुरुवात होते, तेव्हा नळीचं टोक खाली करून ते सगळं ओतून टाक. मग भांडी घासायच्या साबणाने आणि भरपूर गोड्या पाण्याने धू. विहिरीचं पाणी जिभेला जरा जरी खारट लागलं तरी ते या कामाला चालणार नाही, नळाचं घे. धुऊन झालं की गंज खरवड, पुन्हा धू, फडक्याने पूस आणि उन्हात ठेव. तासाभरात खरवडलेल्या जागी पिवळट-तांबूस झाक पुन्हा आली तर मीठ अजून आहे, आणखी एकदा धू. कंटाळवाणं काम आहे, पण या सगळ्या खटाटोपातलं खरं काम हेच.

खरवडताना जुना रंग कुठला ते माहीत नसेल तर पॉलिश पेपर ओला करूनच घास आणि मुलांना त्या दिवशी खोलीत येऊ देऊ नकोस. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, असा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या हिरव्या-पिवळ्या रंगाची कोरडी धूळ मुलांच्या नाकातोंडात जाता कामा नये. घासलेला चिखल कागदात गुंडाळून टाक, अंगणात ओतू नकोस.

सगळा रंग काढायची गरज नाही. घट्ट धरून असलेला जुना रंग हे आयतं संरक्षण आहे. फक्त जिथे पापुद्रा सुटलाय तिथे नख किंवा बोथट सुरी घालून सुटेल तेवढा सोडव, आणि मग कड घासून इतकी उतरती कर की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागू नये. आधी ८० नंबर, मग १२० आणि शेवटी २२०. उभी कड तशीच ठेवून वरून रंग दिला तर तो कडेवर पातळ बसतो आणि पाणी तिथूनच परत आत शिरतं.

लोखंड उघडं पडलं की त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात दे, रात्रीवर टाकू नकोस. समुद्राजवळ उघडं लोखंड एका रात्रीत रंग बदलतं. खोल खळगे राहिले असतील तर हार्डवेअरच्या दुकानात फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर मिळतं, ते हातमोजे घालून तेवढ्याच जागी लाव आणि बाटलीवर सांगितल्याप्रमाणे धुवून किंवा वाळवून मग प्रायमर. प्रायमरचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र. आणि प्रायमर म्हणजे रंग नव्हे. आपल्याकडे घराघरांत खिडक्यांच्या ग्रिल वेल्डरकडून लाल होऊन येतात आणि लोक त्या तशाच लावून पावसाळा काढतात. मला ते बघवत नाही. रेड ऑक्साइड सच्छिद्र असतो, ओलावा पितो, आणि महिन्याभरात त्याच्या खालून गंज वर येतो. वरचा रंग आठवड्याच्या आत बसलाच पाहिजे.

आता रंग. फडक्यावर थिनर घेऊन जुन्या रंगावर कोपऱ्यात घासून बघ. रंग मऊ पडून फडक्याला लागला तर तो ऑइल पेंट किंवा लॅकर, ढिम्म राहिला तर बहुधा कारखान्यातलं पावडर कोटिंग. ऑइल पेंटवर गाड्यांचा ड्यूको किंवा तसल्या तेज थिनरचा स्प्रे मारलास तर खालचा रंग सुरकुततो आणि सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागतं. दोन्हींवर चालेल असा सोपा मार्ग म्हणजे पृष्ठभाग २२०ने खरखरीत करून ब्रशने ऑइल पेंट, टर्पेंटाइनने थोडा पातळ केलेला, दोन हात. पायांना सेमी ग्लॉस घे, तो पुसता येतो आणि घामाचे डाग धरत नाही. वरच्या पत्र्याला मात्र मॅट काळाच. चकचकीत पत्र्यावर ट्यूबलाइटची रेघ पडते आणि ती कागदाच्या वरून थेट मुलाच्या डोळ्यांत जाते. नव्या स्वस्त स्टँडचा चकचकीतपणा बघून पालक खूष होतात, वाजवणाऱ्याला तो छळतो.

पावडर कोटिंग करून घ्यावं का, असंही तू विचारलंस. भट्टीत १८० ते २०० अंशांवर पावडर वितळून बसते, काम सुरेख होतं. पण त्याआधी रबर, प्लॅस्टिक सगळं उतरवावं लागतं, थोडक्या नगांना भाड्यासकट खर्च फार येतो आणि टवका उडाला तर घरी जुळवून लावता येत नाही. तुझ्यासाठी मी ते सुचवणार नाही.

काय रंगवायचं नाही हे नीट वाच, कारण चांगले स्टँड इथेच बिघडतात. उंचीची आतली नळी रंगवायची नाही. ऑइल पेंटचा एक हात वाळल्यावर २५ ते ३० मायक्रॉनचा असतो. प्रायमर धरून चार हात दिलेस की दोन्ही बाजूंनी मिळून मिलिमीटरचा पाचवा भाग वाढला. नळी अडकते, जोर लावला की रंग सोलून आत गोळा होतो, मग स्क्रू घट्ट पकडत नाही आणि वाजवता वाजवता पत्रा हळूहळू खाली येतो. त्या नळीवर क्रोम असतं. तांबूस ठिपके आले असतील तर ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून घास. ती क्रोमपेक्षा मऊ, ओरखडा उठत नाही. पुसून वर मेणाचं पॉलिश. खोबरेल लावू नकोस, चिकटून धूळ धरतं. स्क्रूचे आटे, घडीच्या पट्ट्यांचे रिव्हेट, पत्रा कलता करायचा सांधा, यांना मास्किंग टेप लाव आणि तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पुरे. पातळ पट्ट्यांचे घडीचे स्टँड तर रंगवूच नकोस. रिव्हेटजवळ रंग पहिल्या घडीलाच तुटतो. ते धू, पूस, तेल दे, बस्स.

वेळ आत्ताचीच योग्य. कार्तिकापासून माघापर्यंत दुपारची हवा कोरडी असते. सकाळी लोखंडावर दव असतं, तेव्हा दहा वाजेपर्यंत उन्हात तापू दे आणि तीन-चारच्या पुढे ब्रश धरू नकोस. ओल्या रंगावर संध्याकाळचा दमटपणा बसला की पांढुरकी झाक येते आणि ती पुसून जात नाही. मे महिन्याच्या सुट्टीवर ढकलशील तर समुद्रावरचं वारं भरात येईल आणि धुतलेल्यावर मीठ पुन्हा बसेल.

आपल्या भजनीबुवांना हे सगळं ऐकून नवल वाटेल. डबलबारीच्या सामन्यात रात्रभर गाणाऱ्याच्या पुढे कागद नसतो, आणि दशावतारातला पेटीवालाही तोंडपाठ वाजवतो. पण तू मुलांना व्हायोलिन शिकवतेस, भातखंडे-पलुस्करांची लिपी वाचायला लावतेस, तेव्हा स्टँड हे त्यांचं अर्धं आसन आहे. शेजारच्या गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरं लहानपणीच कागदावरून वाजवायला शिकत. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि त्यांच्यासारखे कितीतरी वादक त्या शिक्षणावर मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत उभे राहिले. पत्रा नीट कोनात थांबला नाही तर मूल मान वाकवतं, मान वाकली की व्हायोलिन खाली येतं आणि गज तिरका पडतो. तू तासभर गजाला दोष देत बसतेस, आणि बिघाड एका न पकडणाऱ्या स्क्रूत असतो.

एकदा रंगवून झालं की उरलेला रंग छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेव, सोबत नेलपॉलिशचा धुतलेला ब्रश. टवका उडालेला दिसला की त्याच आठवड्यात ती जागा पुसून, घासून प्रायमरचा आणि रंगाचा ठिपका दे. शनिवारी क्लास सुटल्यावर मोठ्या मुलांकडून ओल्या गोड्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने सगळे स्टँड पुसून घे. गणपतीत कुणी भजनाला मागून नेले तर परत आल्याबरोबर धुऊन ठेव. भिंतीला टेकवू नकोस, चिरा पावसाळ्यात पाझरतो. खाली लाकडी फळी घाल.

सगळे एकदम काढू नकोस, क्लास बंद पडेल. सर्वांत वाईट असलेले दोन घेऊन रविवारी सकाळच्या एस्टीने कट्ट्याला ये. रेड ऑक्साइड, ब्रश आणि पॉलिश पेपर माझ्याकडे आहेत, मॅट काळा मी बाजारातून आणून ठेवतो. चाक्या आणि टोप्या पिशवीत वेगळ्या बांधून आण. मामी विचारते, जेवायला मासे की शाकाहारी, ते फोनवर कळव.

तुझा,
मामा